शाळेत जायला नकार देणारं मूल: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मूल शाळेत जायचं नाही म्हणून अडून बसलं की बहुतेक घरांत सगळी धावपळ सकाळच्या अर्ध्या तासात होते. आधी समजावणं, मग आमिष, मग आवाज चढणं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, राहू दे आजचा दिवस." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त रडणं थोडं जास्त वेळ चालतं. आईवडील कष्ट कमी घेत नाहीत, पण ज्या कामाची शेवटची पायरी सकाळी यायला हवी, त्याची सुरुवातच सकाळी करतात.

इथे सांगितलेला क्रम साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मोठ्या, किशोरवयीन मुलांच्या नकाराची कारणं वेगळी असतात. त्यांना हे उपाय जसेच्या तसे लावू नका.

## आधी हे समजून घ्या

भीती वाटणारी गोष्ट टळली की लगेच बरं वाटतं. घरी ठेवून घेतलं की दहा-पंधरा मिनिटांत मुलाचं रडू थांबतं, पोट दुखायचं राहतं, ते खेळायला लागतं. आपल्याला वाटतं, बरं झालं ठेवलं. मुलाच्या मनात मात्र दोन गोष्टी पक्क्या बसतात: शाळा खरंच घाबरण्यासारखी आहे, आणि खूप रडलं की ती टळते. म्हणून उद्याची सकाळ आजच्यापेक्षा अवघड जाते.

त्याहून घातक म्हणजे कधी पाठवायचं, कधी ठेवून घ्यायचं. आठवड्यात चार दिवस पाठवलं आणि एक दिवस माघार घेतली, तर त्या एका दिवसाच्या आशेवर मूल सगळे दिवस जोर लावतं. आज किती रडलं म्हणजे सुटका होईल हे त्याला माहीत नसतं, म्हणून ते जास्त वेळ रडून पाहतं. यात लबाडी शोधू नका. लहान मुलं करून बघतच शिकतात.

म्हणजे शाळा चुकू न देणं महत्त्वाचं आहेच. पण कारण न शोधता नुसतं ढकललं तर काही मुलं आणखी घट्ट मिटतात. पुढचा क्रम या दोन्ही गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

## टप्पा १: दुखणं तपासून घ्या

"पोटात दुखतंय" ही या वयातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ती बहुतेक वेळा खोटी नसते. भीतीने पोटात खरोखर कळ येते, मळमळतं, डोकं दुखतं, कधी उलटीही होते. त्यामुळे "नाटकं करू नकोस" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. दुखतंय ते खरं आहे, प्रश्न फक्त ते कशामुळे दुखतंय एवढाच आहे.

भीतीमुळे होणाऱ्या दुखण्याची एक चाल असते. ते शाळेच्या दिवशी सकाळी येतं, घरी राहायचं ठरलं की ओसरतं, सुट्टीच्या दिवशी बहुधा नसतं, आणि कुठे दुखतं विचारल्यावर मूल बेंबीपाशी हात ठेवतं.

डॉक्टरांकडे न्यायलाच हवं अशी लक्षणं: दुखण्याने झोपेतून जाग येणं, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणं, लघवीला जळजळ, किंवा सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी.

यातलं काही नसलं तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. त्याचा एक फायदा फारसा कुणी लक्षात घेत नाही. एकदा नीट तपासणी झाली की रोज सकाळी "खरंच काही असेल तर?" ही शंका तुमच्या मनात राहत नाही, आणि तुम्ही डळमळत नाही.

त्याच भेटीत बद्धकोष्ठाबद्दल विचारा. शाळेतल्या संडासात जायला लाजणारी किंवा घाबरणारी मुलं शौच दाबून धरतात. मग शौच खड्यासारखं घट्ट होतं, पोट दुखतं, शौचाची भीती बसते आणि शाळाही नकोशी होते. डोळे आणि कानही तपासून घ्या. फळ्यावरचं अंधुक दिसणाऱ्या मुलाला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटतं, त्यामुळे ते तक्रार करत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं, आणि गोंगाटाच्या वर्गात अशा मुलाला काहीच उमगत नाही.

## टप्पा २: कारण शोधा

या टप्प्याला पूर्ण आठवडा गेला तरी चालेल. या काळातही मूल शाळेत जात राहिलेलं बरं. शोध आणि शाळा दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

आधी नोंद ठेवा. एक साधी वही घ्या. रोज तीन ओळी: नकार कधी सुरू झाला (आदल्या रात्री, उठल्यावर, गणवेश दिसल्यावर की दारात), आज शाळेत विशेष काय होतं, आणि नकारानंतर घरात काय घडलं. तिसरी ओळ लिहायला लोक टाळाटाळ करतात, पण बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. मूल घरी राहिल्यावर दिवसभर टीव्ही पाहत असेल, आईच्या मांडीवर बसत असेल, किंवा धाकट्या भावंडाबरोबर खेळायला मिळत असेल, तर नकारामागे ते ओढणारं बळ आहे.

मग मुलाशी बोला, पण सरळ "का" विचारू नका. पाच वर्षांच्या मुलाला "का जायचं नाही?" याचं उत्तर खरंच देता येत नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत तर ते काहीतरी सांगून मोकळं होईल, "बाई मारतात" किंवा "मला कंटाळा येतो", आणि तुम्ही चुकीच्या दिशेने धावाल. त्याऐवजी शाळेचा दिवस क्रमाने चालून बघा: "गाडीतून उतरलास, मग? दप्तर कुठे ठेवतोस? शेजारी कोण बसतं? डबा खाताना कुणाजवळ बसतोस? सू आली तर कुणाला सांगतोस?" मूल सहज बोलत असतं आणि एका ठिकाणी अचानक गप्प होतं, विषय बदलतं किंवा "माहीत नाही" म्हणतं. ती जागा लक्षात ठेवा. लगेच खोदू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जा.

समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा शेजारी बसून काहीतरी करताना बोलणं सोपं जातं. चित्र रंगवताना, कपड्यांच्या घड्या करताना, चालताना. "शाळा-शाळा" खेळ तर फारच उपयोगी. मुलाला बाई होऊ द्या आणि तुम्ही विद्यार्थी व्हा. ते तुम्हाला कशावरून रागावतं, कुठे बसवतं, कुणाला चिडवायला लावतं, हे गुपचूप बघा.

आता वहीतल्या नोंदी आणि मुलाचं बोलणं एकत्र ठेवून विचार करा. नकार आईपासून दूर होण्याचा आहे का? मग ते मूल घरातही आईच्या मागे मागे असतं, एकटं झोपत नाही, "तुला काही झालं तर?" असं विचारतं. घरात नवं बाळ, आजारपण, भांडणं, स्थलांतर किंवा कुणाचा मृत्यू झाला असेल तर हे जास्त दिसतं. शाळेतल्या एखाद्या गोष्टीचा धाक असेल, जसं कर्कश घंटा, गर्दीचं सभागृह, आतून अडकून बसणारं संडासाचं दार, ओरडणारी शिक्षिका, तर नकार ठरावीक वारी किंवा ठरावीक तासाच्या दिवशी वाढतो. सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची, चुकायची, हसं व्हायची भीती थोड्या मोठ्या, ६ ते ८ वर्षांच्या मुलांत दिसते. अशा मुलांच्या वाचन-लेखनाकडे नीट पाहा. बोलण्यात चुणचुणीत पण अक्षरं जुळवताना घाम फुटणारं मूल आळशी नसतं, त्याला शिकण्यातली अडचण असू शकते. आणि कधी कधी कारण एवढंच असतं की घरी मजा जास्त आहे.

दोन कारणं एकत्र असणं नेहमीचंच आहे. सुरुवात संडासाच्या भीतीने होते आणि महिन्याभरात घरच्या मजेची सवय तिच्यावर चढते. तेव्हा दोन्हींवर काम करावं लागतं.

इथे थांबा. मूल एखाद्या विशिष्ट माणसाचं नाव काढताच आक्रसत असेल, अंगावर कारण सांगता न येणारे वळ असतील, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली असेल, कपडे बदलू देत नसेल, किंवा वयाला न शोभणारं शारीरिक बोलणं-वागणं दिसत असेल, तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा. मुलाला त्या जागी पाठवू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा, उलटतपासणी करू नका, आणि डॉक्टर, बालसंरक्षण यंत्रणा किंवा पोलीस यांची मदत घ्या. शाळेतल्या मुलांची दांडगाई असेल तर तीही आधी थांबायला हवी. मुलाला धीट करणं हा तिच्यावरचा पहिला उपाय नाही.

## टप्पा ३: शाळेशी बोला, आणि नेमकं मागा

शाळा सुटल्यावर, मूल सोबत नसताना, वर्गशिक्षिकेची वेळ घेऊन भेटा. दारात, बाकी पालक उभे असताना "हा फार त्रास देतो हो" असं सांगणं म्हणजे मुलाला सगळ्यांसमोर लेबल लावणं.

"जरा लक्ष ठेवा" या विनंतीतून काही होत नाही. या गोष्टी ठरवून या:

- सकाळी मुलाला दारात कोण घेणार? रोज तीच व्यक्ती हवी.
- आत गेल्या गेल्या मुलाला कोणतं काम? पाट्या मांडणं, झाडाला पाणी घालणं, हजेरीचं पुस्तक नेणं.
- सू-शीसाठी सोबत कोण जाणार?
- फार रडू आलं तर ते कुठे बसेल? घरी पाठवायचं नाही, वर्गात किंवा वर्गाजवळ एक शांत जागा.
- पोट दुखतं म्हणाल्यावर शाळा काय करेल? माझं मत स्पष्ट आहे: ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर नाही आणि उलटी नाही, तर थोडं पाणी, दहा मिनिटं विश्रांती आणि पुन्हा वर्ग.

शेवटचा मुद्दा ठरला नाही तर बाकीचं सगळं वाया जातं. शाळेतून फोन आला आणि तुम्ही न्यायला गेलात की सकाळच्या दारातला नकार अकरा वाजता सरकतो, एवढंच.

तपासा: भेटीनंतर तुम्हाला दारातल्या व्यक्तीचं नाव, पहिलं काम आणि दुखण्याचा नियम, हे तिन्ही सांगता येतात का? नसतील येत, तर पुन्हा जाऊन विचारा.

## टप्पा ४: घरातल्या मोठ्यांचं एकमत

आई ठाम, बाबा हळवे, आजी म्हणते "एवढ्याशा लेकराला कशाला रडवता", आणि मूल बरोबर आजीच्या कुशीत. आजीची माया चुकीची नाही, पण तिला योजना कुणी सांगितलेलीच नसते. मूल झोपल्यावर सगळ्या मोठ्यांना एकत्र बसवा आणि दोनच गोष्टी ठरवा: सकाळी निर्णय कोण घेणार, आणि बाकीच्यांनी काय म्हणायचं. "हो रे बाळा, आई सांगेल तसं" एवढं आजीने म्हटलं तरी पुष्कळ.

मुलाचं चिकटणं मुख्यतः आईशी असेल तर पहिले काही दिवस बाबांनी किंवा दुसऱ्या कुणी सोडून पाहावं. ज्याच्यापासून दूर होणं सगळ्यात कठीण, त्याच्याशी ताटातूट घरीच झाली तर शाळेचं दार हलकं होतं.

## टप्पा ५: आदल्या संध्याकाळची तयारी

झोपेपासून सुरुवात करा. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास लागतात, ६ वर्षांपुढे ९ ते १२ तास. अपुऱ्या झोपेचं मूल सकाळी कशालाही रडतं, आणि आपण त्याला शाळेची भीती समजतो. झोपेची वेळ लवकरची करायची तर रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम तासभर आणायला गेलात तर मूल अंधारात जागंच राहतं.

दप्तर, गणवेश, मोजे रात्रीच मांडून ठेवा. सकाळी मोजा शोधण्यात गेलेली पाच मिनिटं नकाराला वाढायला पुरेशी असतात. गणवेशाची कॉलर टोचते, बूट चावतो अशा तक्रारीही आताच निस्तरा.

मग निरोपाची तालीम. घराच्या दारातच करा: चालत यायचं, मिठी मारायची, ठरलेलं वाक्य म्हणायचं, हात सोडायचा, वळायचं. दोन-तीनदा, हसतखेळत. एकदा मुलाला आई होऊ द्या.

तासांचं गणित लहान मुलांना कळत नाही. "साडेबाराला येईन" यापेक्षा "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, दप्तर भरलं की मी दारात" हे कळतं. पहिले दोन आठवडे खरोखर पाच मिनिटं आधीच पोहोचा. एक दिवस उशीर झाला तर त्या आधीच्या सगळ्या आश्वासनांवरचा विश्वास डळमळतो.

झोपताना शाळेचा विषय संपलेला असू द्या. रात्रभर समजूत घातली तर भीती रात्रभर जागी राहते.

## टप्पा ६: सकाळ

कमी बोला. हा सगळ्यात कठीण भाग, कारण आपल्याला वाटतं की नीट समजावलं तर मूल मानेल. पण घाबरलेल्या मुलाला युक्तिवाद ऐकू जात नाहीत. प्रत्येक नव्या वाक्यातून त्याला फक्त एवढंच कळतं की अजून काही ठरलेलं नाही.

प्रश्नही विचारू नका. "जाशील ना आज शाळेत?" याचं उत्तर "नाही" असू शकतं, आणि मग तुम्ही अडकता. निवड द्यायची ती शाळेला जाताना कसं जायचं याची: "आधी बूट की आधी दप्तर?"

एक वाक्य पाठ करून ठेवा आणि तेच वापरा:

"तुला नकोसं वाटतंय, कळतंय मला. आज शाळा आहे. चल, बूट घालू."

मूल म्हणेल, "आई, नको ना, फक्त आजचाच दिवस!" पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. मूल तुमच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतं. तुमच्या कपाळावर आठ्या आणि डोळ्यांत पाणी असेल तर त्याला वाटतं, आईलाही शाळेची भीती वाटते. स्वतःला फारच भरून येत असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला सोडू द्या.

हे करू नका: "बाईंना सांगेन", "पोलीस नेतील", "ताई बघ कशी शहाणी", "आपण बागेत चाललोय" म्हणून शाळेत नेणं, सकाळी टीव्ही किंवा मोबाइल सुरू करणं. टीव्ही-मोबाइल बंद करताना जो रडारडीचा भडका उडतो, त्यात शाळेचा काही दोष नसतो.

## टप्पा ७: दारातला निरोप

सगळी योजना या दोन मिनिटांवर टिकते किंवा मोडते. बालवर्गाच्या दारात उभं राहून मुलांना आत घेताना जे रोज दिसतं, त्यावरून हा भाग थोडा बारकाईने सांगते.

मुलाला कडेवर घेऊन येऊ नका. कडेवरचं मूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे ते अक्षरशः सोलून काढावं लागतं: आधी मानेभोवतीचे हात, मग कमरेला वेढलेले पाय, आणि एक हात सोडवेपर्यंत दुसऱ्याने पुन्हा ओढणी पकडलेली. दोघांनाही तो क्षण लढाईसारखा आठवत राहतो. मूल पायांवर चालत आलं पाहिजे, दाराच्या दहा पावलं आधीपासून तरी.

त्याच्या हातात काहीतरी द्या, वही, पाण्याची बाटली, बाईंसाठी आणलेलं फूल. रिकामे हात चिकटायला धावतात. तोंड आतल्या बाजूला, तुम्ही त्याच्या शेजारी किंवा किंचित मागे. समोर उभे राहिलात तर त्याला आत जायला तुम्हाला ओलांडावं लागतं.

आता खाली वाका, मिठी मारा, ठरलेलं वाक्य म्हणा: "दप्तर भरलं की मी दारात." बाईंनी मुलाचा हात धरल्यावरच तुम्ही तुमचा सोडा. मधे एक क्षणही मूल कुणाच्याच हातात नाही असं होऊ नये. त्याच क्षणात ते पळतं. मग वळा आणि चालू लागा. सगळं मिळून मिनिटभरात व्हायला हवं.

चार चुका इथे फार होतात. एक, मुलाचं लक्ष नसताना गुपचूप सटकणं. त्या दिवशी शांतता मिळते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल तुमच्यावरून नजर हटवत नाही, घरातही. दुसरी, "बरं, पाच मिनिटं थांबते" म्हणणं. पाच मिनिटांनी निरोप पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. तिसरी, खिडकीतून डोकावणं. शांत होत आलेल्या मुलाला तुम्ही दिसलात की सगळं पुन्हा सुरू. आणि चौथी, आवाज ऐकून परत येणं. ही सगळ्यात महाग पडते.

बहुतेक मुलं आईवडील नजरेआड गेल्यावर थोड्याच वेळात शांत होतात. हे ऐकून विश्वास बसत नाही, म्हणून पहिले काही दिवस वर्गशिक्षिकेकडून पंधरा-वीस मिनिटांनी एक निरोप मागा: "शांत आहे, चित्र काढतोय." तो निरोप तुमच्यासाठी आहे.

खिशात घरची एखादी लहानशी वस्तू, आईचा रुमाल वगैरे, ठेवायला हरकत नाही. खेळणं नको, ते हरवतं किंवा त्यावरून भांडण होतं.

## टप्पा ८: तरीही घरीच राहिलं तर

असा दिवस येऊ शकतो. तेव्हा दोन नियम. शाळेच्या वेळात घर कंटाळवाणं असावं: टीव्ही नाही, मोबाइल नाही, बाहेर फिरणं नाही, मांडीवर घेऊन लाड नाहीत. वही, पुस्तक, आणि खरंच दुखत असेल तर अंथरुणात पडून राहणं. रागावायचं मात्र नाही. शाळा सुटायची वेळ झाली की घर पुन्हा नेहमीसारखं.

दुसरा नियम: दुपारी जमलं तर दुपारी न्या. उशिरा जाणं हे न जाण्यापेक्षा केव्हाही बरं. शाळेशी बोलून ही सोय आधीच करून ठेवा.

## टप्पा ९: परत आल्यावर

"रडलास का रे आज?" हा पहिला प्रश्न नको. शाबासकी द्यायची ती गेल्याची, न रडल्याची नव्हे. रडत रडत आत गेलेल्या मुलाने जास्त धीर दाखवलेला असतो. "नको वाटत होतं तरी आत गेलीस" असं नेमकं सांगा.

बक्षीस द्यायचं तर लहान आणि त्याच दिवशीचं: वहीवर एक तारा, रात्री एक जास्तीची गोष्ट, आईबाबांबरोबर दहा मिनिटांचा त्याच्या पसंतीचा खेळ. "महिनाभर गेलास तर सायकल" हे चार वर्षांच्या मुलासाठी काहीच नाही, आणि एखादा दिवस चुकला की सायकलही गेली, शाळाही गेली.

## किती दिवस लागतात

पहिले तीन-चार दिवस रडणं वाढू शकतं. हे आधीच माहीत असू द्या, कारण नेमकं तेव्हाच लोक "हे आपल्या मुलाला चालत नाही" म्हणून सोडून देतात. जुना उपाय लागू पडेनासा झाला की मूल तो अधिक जोराने करून पाहतं. तेव्हा टिकून राहिलात तर बऱ्याच मुलांत दोन-तीन आठवड्यांत सकाळ हलकी होते. एकदम नाही. सोमवार जड जातोच.

मूल कित्येक आठवडे शाळेत गेलेलंच नसेल तर एकदम पूर्ण दिवस नको. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एक चक्कर, मग शेवटचा एक तास, मग शेवटचे दोन, असं मागे मागे वाढवत न्या. शेवटच्या तासाने सुरुवात केली की मूल रोज सगळ्यांबरोबर शाळा सुटल्यावरच बाहेर पडतं. "मधूनच घरी गेलो" अशी सवय लागत नाही. प्रत्येक पायरीवर दोन-तीन दिवस, आणि शाळेने व तुम्ही मिळून लिहून ठेवलेलं वेळापत्रक. पालकाने वर्गात बसायचंच झालं तर जागा ठरवून: आज कोपऱ्यात, परवा व्हरांड्यात, पुढच्या आठवड्यात फाटकाबाहेर. मागची जागा पुन्हा नाही.

## तज्ज्ञाकडे कधी जायचं

दोन-तीन आठवडे वरचं सगळं नेटाने करूनही मूल शाळेत पाऊल ठेवत नसेल, घरातही आईपासून क्षणभर दूर होत नसेल, खाणं-झोपणं-खेळणं बिघडलं असेल, "मला राहायचंच नाही" असं बोलत असेल, किंवा घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिना उलटूनही एक शब्द बोलत नसेल, तर बालमानसतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ यांना भेटा. आवाज, गर्दी, कपड्यांचा स्पर्श यांनी मूल फारच बेचैन होत असेल, नजरेला नजर आणि मित्रांशी खेळणं अवघड जात असेल, तर विकासाची तपासणी मागून घ्या. जाताना नोंदवही न्या. पहिल्या भेटीतला निम्मा वेळ वाचतो.

शाळा बदलण्याची घाई त्याआधी करू नका. कारण आईपासून दूर होण्याचं असेल तर ते नव्या शाळेतही सोबत येतं, आणि ओळखीच्या बाई तेवढ्या जातात. शाळा मारहाण थांबवायला तयार नसेल, मुलाचं ऐकूनच घेत नसेल, तर मात्र बदला, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

## सुट्टी आणि आजारपणानंतर

सगळं सुरळीत झाल्यावर मोठी सुट्टी किंवा चार दिवसांचा ताप येतो, आणि पहिल्या सकाळी पुन्हा "पोटात दुखतंय". घाबरू नका, पण वाटही पाहू नका. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात झोपेची वेळ जागेवर आणा. शाळा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी शाळेवरून एक फेरी मारून या, वर्गातल्या एखाद्या मित्राला भेटवा, गणवेश घालून पाहा, तो लहान झालेला असू शकतो. वर्गशिक्षिकेला आधीच कळवा की पहिला आठवडा दारात तीच व्यक्ती आणि तेच काम हवं. ताप उतरून चोवीस तास झाले, मूल खातं-पितं झालं, की त्याच दिवशी शाळा. "अजून एक दिवस आराम" हा दिवस शुक्रवारी आला तर सोमवारपर्यंत लांबतो, आणि तेव्हा तुम्हाला पुन्हा सहाव्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते.